आजोबांचं चावीचं घड्याळ कुणाकडे द्यावं?

कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं एचएमटी कंपनीचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मनगटी घड्याळ सापडलं, की आधी चावी भरू नका. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. तसंच चालवलं तर चाकांची टोकं झिजतात.

मोबाइलच्या दुकानात सेल बदलून देणारा पोरगा यासाठी कामाचा नाही. तालुक्याला जुन्या बाजारओळीत, एसटी स्टँडच्या आसपास, डोळ्याला भिंग लावून बसलेला म्हातारा घड्याळजी अजून सापडतो. पत्ता सोनाराला किंवा निवृत्त गुरुजींना विचारा, त्यांना हमखास ठाऊक असतो. तिथं नाहीच मिळाला, तर अमरावती किंवा नागपूरला सीताबर्डी, इतवारीत चौकशी करा.

गेल्यावर एकच विचारा: “पूर्ण खोलून धुता का?” नुसता पेट्रोलचा फवारा आणि वरून तेलाचा थेंब, ही सर्व्हिसिंग नव्हे. सगळे भाग सुटे करून, साफ करून, ठरल्या जागी अगदी थोडं तेल द्यावं लागतं. हो म्हणाला, तर त्याच्या हातातलं एखादं उघडं काम पाहून घ्या.

एचएमटीचे घड्याळांचे मोठे कारखाने २०१६ च्या सुमारास बंद झाले, त्यामुळे सुटे भाग बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढतात. म्हणून देण्याआधी झाकण उघडायला लावून यंत्राचा फोटो काढा आणि बदललेले भाग परत मागा. तबकडी मात्र रंगवू देऊ नका, डाग असले तरी. मूळ तबकडी गेली, की घड्याळाची निम्मी किंमत गेली असं माझं मत. आणि दुरुस्तीनंतरही दिवसाला अर्धा मिनिट फरक पडला, तर कुरकुर नको.