नॉर्वेची सहल आखताना: आधी उजेड, मग नकाशा

नॉर्वेला जायचे ठरले की बहुतेक जण काय काय पाहायचे याची यादी करायला बसतात, आणि आराखड्याची पहिली चूक तिथेच होते. मध्यरात्रीचा सूर्य आणि अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, या दोन्ही गोष्टी त्या यादीत हमखास शेजारीशेजारी असतात. मात्र एकीला अखंड उजेड लागतो आणि दुसरीला गडद अंधार, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही पदरात पडत नाहीत. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे साधारण २० मे ते २२ जुलै या काळात सूर्य मावळत नाही, तर २७ नोव्हेंबरच्या सुमारास तो जो क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. तेव्हा ठिकाणे नंतर ठरवावीत. आपल्याला कोणता उजेड हवा आहे, हे आधी ठरवून महिना पक्का करावा.

अरोरासाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ योग्य असतो. पुष्कळ लोक डिसेंबर निवडतात, पण माझे मत फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च असे आहे, कारण तेव्हा रात्री पुरेशा काळोख्या असतात आणि दिवसाही फिरण्याइतका उजेड मिळतो. ट्रॉम्सो अरोरा नेहमी दिसणाऱ्या पट्ट्यातच येत असल्यामुळे तेथे अरोरा घडवणाऱ्या सौर हालचालींच्या आकड्यांपेक्षा ढगांची चिंता अधिक करावी लागते. एका रात्रीच्या मुक्कामावर भिस्त ठेवणे म्हणजे जुगार आहे. किमान चार रात्री एकाच ठिकाणी धराव्यात. उलट फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, पाहायचे असतील, तर जूनमध्ये वितळत्या बर्फामुळे धबधबे भरून वाहत असतात आणि ऑस्लोमध्येही दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी ओसरलेली असते, मात्र काही बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात, हे लक्षात ठेवावे.

महिना ठरल्यावर नकाशा उघडावा आणि या देशाची लांबी नीट पाहून घ्यावी. ऑस्लोहून ट्रॉम्सो रस्त्याने सोळाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तेथवर रेल्वे जात नाही. ट्रॉनहाइमहून उत्तरेकडे निघणारी गाडी सुमारे दहा तासांनी बोडो येथे पोहोचते आणि तिथेच मार्ग संपतो. लोफोटेन बेटांकडे जाणारे प्रवासी बोडोहूनच फेरी बोट पकडतात. म्हणून आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर पश्चिमेचे फ्योर्ड किंवा उत्तरेचा प्रदेश, यांपैकी एकच निवडावा. दोन्ही करायचेच असतील, तर मधला टप्पा विमानाने ओलांडावा.

पहिल्याच भेटीत एखादा दिवस मोकळ्या हाताने खर्च करायचा असेल, तर तो ऑस्लो ते बर्गन या वाटेवर करावा. १९०९ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग फिन्से येथे १,२२२ मीटर उंची गाठतो. फिन्सेला गाडीरस्ता जात नाही. जूनमध्येही फलाटापलीकडच्या तळ्यावर गोठलेल्या बर्फाचे तुकडे दिसतात आणि दार उघडताच डब्यात शिरणारा वारा बॅगेच्या तळाशी ठेवलेल्या स्वेटरची आठवण करून देतो. थेट बर्गन गाठण्याऐवजी मिरडाल येथे उतरून फ्लॉमची छोटी गाडी घ्यावी. ती अवघ्या वीस किलोमीटरांत ८६० मीटरहून अधिक खाली उतरत समुद्रसपाटीला येते. फ्लॉमहून गुडवांगेनला जाणारी बोट नॅरॉयफ्योर्डमधून जाते. २००५ पासून जागतिक वारसा यादीत असलेला हा फ्योर्ड एका जागी केवळ अडीचशे मीटर रुंद आहे. पुढे बसने वॉस आणि तेथून रेल्वेने बर्गन गाठता येते. हे सर्व एका दिवसात बसते, परंतु फ्लॉमला रात्र काढल्यास संध्याकाळी क्रूझ जहाजे निघून गेल्यानंतरचे शांत गाव पाहायला मिळते. बर्गनसाठी मात्र छत्रीपेक्षा चांगला रेनकोट घ्यावा. तेथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो.

स्वतः गाडी चालवणार असाल, तर फ्योर्डच्या भागात दोनशे किलोमीटरला चार तास धरावेत. दिवसाही दिवे लावणे बंधनकारक आहे आणि मद्याची मर्यादा इतकी कडक आहे की एक पेलाही टाळलेला बरा. ट्रोलस्टिगेनसारखे घाटरस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात, त्यामुळे मेमधला आराखडा त्यांच्यावर बेतू नये.

डोंगर चढणाऱ्यांनी पायवाटांची लांबी घरीच मोजून ठेवावी. ल्यूसेफ्योर्डवरचा ६०४ मीटर उंचीचा प्रेकेस्टोलेन कडा जाऊन-येऊन आठ किलोमीटरचा आहे. ट्रोलटुंगा ही कड्याबाहेर आलेली शिळा मात्र नेहमीच्या आरंभस्थानापासून जाऊन-येऊन सुमारे सत्तावीस किलोमीटर पडते, आणि छायाचित्रात ती शिळा पाहून निघालेल्या माणसाला हे अंतर दिसत नाही. वाट दाखवण्यासाठी दगडांच्या राशींवर लाल रंगात ‘टी’ हे अक्षर रंगवलेले असते. १८६८ साली स्थापन झालेल्या नॉर्वेजियन पर्यटन संघाच्या अनेक झोपड्यांमध्ये कोणीही राखणदार नसतो. सभासदाने किल्लीने दार उघडायचे, नोंदवहीत नाव लिहायचे, कोठीतून घेतलेल्या डब्यांचा हिशेब स्वतःच करून पैसे भरायचे आणि निघताना पुढच्या माणसासाठी लाकडे फोडून ठेवायची, अशी रीत आहे. तेथील डोंगरनियम नऊ आहेत. आठवा सांगतो की वेळीच मागे फिरावे, त्यात लाज कसली. हवामानासाठी तेथील लोक ‘यर’ या ॲपवर विसंबतात.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक, व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा आवश्यक असतो. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील स्वालबार्डलाही जायचे असेल, तर निदान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा, कारण तो द्वीपसमूह शेंगेनच्या बाहेर आहे आणि परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो.

चलन नॉर्वेजियन क्रोनर आहे, पण बहुतेक सर्वत्र कार्ड चालते. खर्चाचा मोठा भाग उपाहारगृहांत जातो, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन सामान सुपरमार्केटमधून आणावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे ही खरेदी शनिवारी दुपारीच उरकावी. ईस्टर आणि १७ मेच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्यांनाही हेच लागू आहे.