पुरानंतर कॅमेरा क्लबने काय करायचं: आधी माणसं, मग फोटो, कॅमेरे सगळ्यात शेवटी

पूर ओसरला की क्लबच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो "लेन्समध्ये पाणी गेलंय, काय करू?" असा, आणि जीव तुटतोच हो, कितीतरी वर्षं पैसे साठवून घेतलेली असते ती. पण क्लब चालवणाऱ्यांनी त्या दिवशी मेंबरांची यादी काढून एकेकाला फोन लावायला बसायचं. जे ग्रुपवर गप्प आहेत त्यांना आधी, कारण ज्यांचं सगळंच गेलंय ते मेसेज टाकत बसत नाहीत. फोन लागला नाही तर दोघांनी मिळून जाऊन यायचं, एकट्याने नाही.

घरात किंवा क्लबच्या खोलीत शिरायच्या आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा, गमबूट आणि रबरी ग्लोव्हज घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जखमेतून शिरणारा जंतूंचा आजार) धोका असतो. बुरशी दिसायला लागली की साधं फडकं नाही, एन-९५ मास्क लावा.

आता आपल्याला जे येतं ते कामाला लावा. साफसफाई सुरू व्हायच्या आधी मेंबरांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांचे फोटो काढून द्या: भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, फ्रिज-मशीनवरचे सिरीयल नंबर. विम्याला आणि पंचनाम्याला हेच लागतं. वाहून गेलेल्या कॅमेऱ्याचा नंबर माहीत नसेल तर त्याने काढलेला एखादा जुना ओरिजिनल फोटो शोधा, बऱ्याच कॅमेऱ्यांचा बॉडी नंबर फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत कॅमेरा आपोआप साठवतो ती माहिती) असतो. आणि रडणाऱ्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नंतर स्पर्धेला तर अजिबातच पाठवू नका.

मग फोटो. माझं कळकळीचं सांगणं इथेच आहे, कॅमेरा परत घेता येतो पण कुणाच्या आईचा एकुलता एक फोटो परत मिळत नाही, म्हणून क्लबने टेबलं मांडावीत आणि सगळ्या वस्तीला सांगावं की भिजलेले अल्बम टाकू नका, आमच्याकडे आणा. लोक काय करतात, अल्बम आहे तसा उन्हात ठेवतात, आणि तिथेच घात होतो. प्रिंटवरचा थर जिलेटिनचा असतो, तो पाण्यात फुगून मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला डिंकासारखा चिकटतो, मग काही केल्या सुटत नाही. त्यामुळे ओला फोटो ओलाच ठेवा, स्वच्छ गार पाण्यात, पण जास्तीत जास्त ४८ तास. तेवढ्यात होणार नसेल तर गठ्ठ्यामध्ये बटर पेपर घालून झिपच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, पुढचे काही महिने निवांत. मात्र काचेच्या निगेटिव्ह किंवा पत्र्यावरचे फार जुने फोटो असतील तर ते ना बुडवायचे ना गोठवायचे, जाणकाराकडेच द्यायचे. इंकजेट प्रिंटही बुडवू नका, शाई पसरते.

चिकटलेली पानं ओढायची नाहीत. ट्रेमध्ये बुडवून ठेवा, ट्रे हळूच हलवत राहा, पाणी आत शिरलं की फोटो आपणहून सुटतो आणि तो क्षण खरंच बघण्यासारखा असतो, चिखलाखालून आधी साडीचा काठ दिसतो, मग हात, मग चेहरा. बोटाने चोळू नका. रंगीत फोटोच्या कडा लालसर, मग पिवळ्या आणि शेवटी पांढऱ्या झालेल्या दिसल्या तर समजा की जंतूंनी वरून एकेक थर खाल्लाय, तिथे नुसतं पाणी फिरवलं तरी उरलेला रंग निघून जातो, त्यामुळे आधी ओल्या प्रिंटचाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मगच पुढे हात लावा. धुऊन झालं की दोरीवर प्लॅस्टिकच्या चिमट्याने पांढऱ्या कडेला पकडून सावलीत लटकवा, ड्रायर नको. प्रत्येक अल्बमला नंबर द्या, चिठ्ठी पेन्सिलने लिहा (पेनची शाई पाण्यात जाते), वहीत नाव-फोन लिहा. ही वही सांभाळणारा एकच माणूस ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: चालू करून बघू नका, बॅटरी काढा, कार्ड काढा. तांदळात ठेवून काही उपयोग होत नाही, हवाबंद डब्यात कॅमेऱ्यासोबत सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) घाला. फ्लॅश घरी उघडायचा नाही म्हणजे नाही, बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात. मेमरी कार्ड स्वच्छ पाण्यात धुऊन दोन दिवस वाळवलं तर बहुतेक वेळा चालतं. हार्ड डिस्क मात्र पॉवर न देता, न वाळवता पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे. आणि हे सगळं निस्तरलं की एका मीटिंगला सगळ्यांचा बॅकअप लावून द्या, पीटर क्रोग या फोटोग्राफरने सांगितलेला ३-२-१ नियम, म्हणजे तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

ज्याचं पोट फोटोग्राफीवर आहे त्याला क्लबचा कॅमेरा आधी द्या, हौशी मंडळी थांबू शकतात. मीटिंगही फार दिवस बंद ठेवू नका, खोली नसेल तर कुणाच्या गच्चीवर भरवा, चहा घ्या, कामाचं बोला, न बोलता नुसतं बसायचं असेल त्याला बसू द्या.

शेवटी काही फोटो उरतातच, चिखलात सापडलेले, कुणाचे ते माहीत नाही. ते टाकू नका. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी असे लाखो फोटो धुतले आणि हॉलमध्ये मांडून ठेवले, लोक येऊन आपले शोधून न्यायचे. आपणही दर रविवारी दोन तास टेबलावर मांडायचे, वही उघडी ठेवायची.