खेळणाऱ्या लहान मुलांची बेसलाइन चाचणी: वय पाहून कशी घ्यावी

डोक्याला मार लागल्यावर मूल नेहमीसारखं आहे का, हे ठरवायचं तर त्याचं 'नेहमीचं' आधी लिहून ठेवलेलं हवं. त्यालाच बेसलाइन म्हणतात. ती सक्तीची नाही, पण असली तर तुलना सोपी होते. घाईत घेतलेली मात्र नसलेलीच बरी.

आधी वय बघा. चाइल्ड स्कॅट६ हा डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तपासायच्या प्रश्नांचा आणि कृतींचा संच ८ ते १२ वर्षांसाठी आहे, १३ पासून मोठ्यांचा स्कॅट६. संगणकावरची इम्पॅक्ट चाचणी १२ पासून पुढे, तर तिची मुलांसाठीची वेगळी आवृत्ती ५ ते ११ साठी. मोठ्यांचा कागद लहानाला देऊ नका. मोठ्यांना महिने उलटे म्हणायला लावतात, लहानांना आठवड्याचे वार. महिनेच नीट पाठ नसलेल्या मुलाचा गुण कमी पडला, तर त्यावरून मेंदूबद्दल काहीच कळत नाही.

खोली शांत हवी आणि मूल एकटं. सरावानंतर किमान १० मिनिटं विश्रांती द्या. झोप किती झाली, चष्मा, औषधं, शिकण्यातल्या किंवा लक्ष लागण्यातल्या अडचणी हे सगळं कागदाच्या वरच्या भागात टिपून ठेवा. भाषा मूल ज्यात विचार करतं तीच.

सगळ्यात जास्त चुका शब्दांच्या यादीत होतात. १० शब्द, सेकंदाला एक, सपाट आवाजात वाचा. तीच यादी तीन वेळा वाचायची. दर वेळी आठवतील ते सगळे शब्द, आधी सांगितलेलेही, पुन्हा म्हणायचे, हे मुलाला स्पष्ट सांगा. नाहीतर ते फक्त उरलेले सांगतं आणि गुण उगाच घसरतो. निदान ५ मिनिटांनी तेच शब्द परत विचारायचे असतात. हे मात्र आधी फोडू नका, मूल मनात घोकत बसतं. 'छान', 'अगं, अजून एक' असं काही बोलायचं नाही. शेजारी बसलेली आई ओठ हलवत असेल तर तिला बाहेर बसवा.

तोलासाठी जमिनीवर ३ मीटर पट्टी चिकटवा. एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत तिच्यावरून चालत जायचं आणि परत यायचं. बूट घातले होते की अनवाणी, तेही लिहा.

मुलं भराभर वाढतात, म्हणून जुना आकडा लवकर शिळा होतो. दर वर्षी नव्याने घ्या, आणि शब्दांची यादी बदला. कोणती वापरली ते कागदावर असू द्या.

मार लागला तर मूल त्या दिवशी मैदानाबाहेरच. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, मान दुखणं, हातापायात मुंग्या किंवा दोन-दोन दिसणं असेल तर चाचणीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. नंतरचा गुण बेसलाइनइतका आला तरी खेळायची परवानगी डॉक्टरच देतील, आणि मूल आधी शाळेत पूर्ण वेळ बसू लागलेलं हवं.