जीडब्ल्यू-बेसिक: फाइल आहे की नाही हे तपासताना या चुका टाळा

जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत फाइल आहे का, हे थेट विचारणारी आज्ञाच नाही. नावावरून फाइल शोधणारं ‘डिर$’ पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेसिक पीडीएस ७ मध्ये आलं; क्यूबेसिकमध्येही ते नाही. त्यामुळे फाइल उघडून बघायची आणि एरर आली तर पकडायची, हाच भरवशाचा मार्ग. पण ती कशी उघडता, यावर सगळं अवलंबून आहे.

‘फॉर आउटपुट’ने, म्हणजे लिहिण्यासाठी उघडून, कधीही तपासू नका. फाइल असेल तर त्याच क्षणी रिकामी होते, एक अक्षरही लिहिलं नाही तरी. ‘अपेंड’ (शेवटी भर घालणं) आणि रँडम (हवी ती नोंद वाचणं-लिहिणं) या पद्धतींनी उघडलं तर नसलेली फाइल तयार होते. रँडमने उघडून ‘एलओएफ’ (फाइलची लांबी) शून्य आलं तर ‘किल’ करायची, म्हणजे पुसायची, ही जुनी युक्ती बऱ्याच लिस्टिंगमध्ये दिसते. ती मुळातली रिकामी फाइलही उडवते, आणि राइट-प्रोटेक्ट फ्लॉपीवर वेगळीच एरर देते.

तपासायचं ते ‘फॉर इनपुट’नेच, म्हणजे वाचण्यासाठी उघडून (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करा). इथे एन$ म्हणजे फाइलचं नाव, ईआरआर म्हणजे एररचा क्रमांक आणि ईआरएल म्हणजे ती ज्या ओळीवर आली तिचा क्रमांक:

१०० एफ=१ : ऑन एरर गोटू ९००
११० ओपन एन$ फॉर इनपुट अ‍ॅज #१
१२० क्लोज #१
१३० ऑन एरर गोटू ०
९०० इफ ईआरआर=५३ अँड ईआरएल=११० देन एफ=० : रिझ्यूम १३०
९१० ऑन एरर गोटू ०

ओळ १३० नंतर एफ १ असेल तर फाइल आहे, ० असेल तर नाही. मुख्य प्रोग्राम ९०० च्या आधी ‘एंड’ने संपवा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कुठलीही एरर आली की ‘फाइल नाही’ समजणं. ५३ म्हणजे फाइल सापडली नाही. ७१ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ७६ म्हणजे डिरेक्टरीचा मार्ग चुकला, ५५ म्हणजे फाइल क्रमांक #१ आधीच उघडा आहे. समजा, फ्लॉपीचं दार उघडं राहिलं आणि ७१ आली. प्रोग्रामने ‘नाही’ ठरवून ‘नवी खातेवही बनवू का?’ विचारलं. तेवढ्यात वापरणाऱ्याने दार लावून ‘हो’ दाबलं, की जुनी खातेवही ‘आउटपुट’खाली पुसली गेली. म्हणून ओळ ९१०: ५३ सोडून बाकी एरर आली तर प्रोग्राम तिथेच थांबून खरं कारण दाखवतो.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. ‘रिझ्यूम’ऐवजी ‘गोटू’ने ओळ १३० च्या पुढच्या ओळीवर गेलात तर पहिली नसलेली फाइल व्यवस्थित पकडली जाते, पण दुसऱ्या वेळी प्रोग्राम ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणत बंद पडतो. कारण ‘रिझ्यूम’ होईपर्यंत बेसिकच्या लेखी आपण एरर हाताळणीतच असतो, आणि तिथे आलेली नवी एरर पकडली जात नाही. चाचणी घेताना नसलेली दोन नावं लागोपाठ देऊन बघाच.

ईआरएलच्या तुलनेत ओळ क्रमांक उजवीकडेच लिहा. ‘११०=ईआरएल’ लिहिलंत तर ओळींना नवे क्रमांक देणारी ‘रीनम’ आज्ञा तो आकडा बदलत नाही आणि तपासणी चुकीच्या ओळीशी होते.

वापरणाऱ्याकडून नाव घेत असाल तर ‘नल’, ‘कॉन’, ‘पीआरएन’ आधीच गाळा. ही डॉसची उपकरणं आहेत. ‘नल’ तर कुठल्याही डिस्कवर नसतानाही उघडतं.