शहरातल्या हॉटेलात खास जेवायला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली त्या वर्षी आम्ही अकरा जण स्पेशल गाडी करून नागपूरला जेवायला गेलो. गाव हिंगणघाटच्या पलीकडचं. रविवार होता, निघता निघता सहा वाजले, आणि हॉटेलच्या दारात पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. दारातला माणूस वहीत नाव लिहून म्हणाला, "चालीस मिनिट वेटिंग है." बाबांनी शुगरची गोळी 'आता पोहोचतोच' म्हणून गाडीतच घेतलेली. साडेनऊला त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळाला घाम सुटला. समोरच्या पानठेल्यावरून बिस्किटाचा पुडा आणला, दोन चमचे साखर मागून आणली, तेव्हा कुठे माणूस ताळ्यावर आला. पुढचं जेवणही काही धड झालं नाही. परतताना बुटीबोरीच्या पुढे आई अंधारात एवढंच बोलली, "मले कोणी इचारलंच नाई, मी काय खातो म्हणून."

जिनिंगवर कापूस नेला की आपण काट्यासमोर ठाण मांडून बसतो. क्विंटलमागे किती कटती कापली, ओल किती धरली, सगळं खोदून खोदून विचारतो. तोच माणूस शहरातल्या हॉटेलात मेन्यूकार्ड उघडलं की मुका होतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या मुकेपणातून होतात.

वेळेची चूक सगळ्यात महाग

गावात साडेसात-आठला ताटं वाढली जातात. शहरातली मोठी हॉटेलं रात्री साडेआठ ते दहा भरलेली असतात, शनिवार-रविवारी तर दाराबाहेर खुर्च्या टाकून लोक बसलेले असतात. आपल्या नेहमीच्या वेळेला, म्हणजे सात-साडेसातला गेलात तर टेबल लगेच मिळतं, वेटर निवांत असतो, स्वयंपाकघर ताजं असतं. आपली सवय इथे आपल्याच कामाची आहे आणि आपण तीच गावाच्या वेशीवर सोडून येतो.

उलटी चूकही होते. सीताबर्डीवर खरेदी करून चार वाजता जेवायला जायचं. दुपारी साडेतीनच्या आसपास पुष्कळ हॉटेलांची भट्टी थंड होते ती थेट संध्याकाळी पेटते. मधल्या वेळात उघडं दिसलं तरी मिळतं ते सँडविच, नाहीतर डोसा. म्हणून निघण्याआधी फोन करा. दोनच गोष्टी विचारायच्या, किती ते किती जेवण मिळतं आणि अमुक जणांसाठी टेबल राखून ठेवाल का. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर टेबलं जोडावी लागतात, ते आधी सांगितलेलं बरं.

माझं मत विचाराल तर दुपारीच जा. एसटीनं गेलात तर बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या म्हाताऱ्यांना अर्धं आणि ७५ ओलांडलेल्यांना फुकट. दुपारचं जेवण करून गणेशपेठच्या स्टँडवरून उजेडात परतता येतं, शेवटच्या गाडीचा जीवाला घोर नाही. भाड्याच्या गाडीनं वर्धा रोडवरून येत असाल तर खापरीला उतरून मेट्रोनं सीताबर्डीला जाता येतं. पोरांना जेवणापेक्षा तेच जास्त आठवतं.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला की साखर झपाट्यानं खाली येते. गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ कशी जुळवायची ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घ्या, आणि खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोजचा पुडा ठेवा.

हॉटेल कोणासाठी निवडतोय?

पोरगा दहावी पास झाला तर पोराच्या आवडीचं, हे ठीक. पण लग्नाचा वाढदिवस, रिटायरमेंट, सोयरिकीची बैठक असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघून ठरवा. जिना किती, लिफ्ट आहे का, संडास त्याच मजल्यावर आहे का. सोफ्यात रुतून बसलेल्या आजीला टेबल छातीला लागतं, तिच्यासाठी साधी खुर्ची मागा. एसीच्या झोताखालची जागा नको म्हणून सांगा.

मग कॅलेंडर बघा. बुकिंग झाल्यावर लक्षात येतं की त्या दिवशी संकष्टी आहे, किंवा मार्गशीर्षातला गुरुवार आणि दोघी सुना उपाशी. आपल्याकडे घरात एखादा माळकरी किंवा महानुभावी असतोच. त्याला 'इथे व्हेजही मिळते' असं सांगून मटणाच्या वासात बसवू नका, सरळ शुद्ध शाकाहारी हॉटेल धरा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेलं माणूस सोबत असेल तर वेटरला लांबलचक समजावत बसू नका, 'जैन करून द्या' म्हणा. शहरातल्या स्वयंपाकघराला हा एक शब्द कळतो. फक्त त्यात आलूही येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि सावजी. नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरातून आलेलं हे जेवण आपल्याला प्राणापेक्षा प्रिय. पण पुण्याकडच्या नव्या सोयऱ्यांना पहिल्याच भेटीत सावजीत नेऊ नका. आमच्या एका नातलगानं नेलं. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हे विचारतात, "तर्री आणखी वाढू का?" सोयरीक जुळली, पण व्याही अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

ऑर्डर देताना

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. वेटर आल्या आल्या विचारतो, "स्टार्टर में क्या लाऊँ?" भिडेखातर आपण चार सूप, दोन प्लेट मंचुरियन सांगून मोकळे होतो. मैद्याचं तळलेलं आणि कॉर्नफ्लोअरचं घट्ट सूप पोटात गेल्यावर भूक कुठे उरते? मुख्य जेवण येईपर्यंत पोरं झोपेला येतात आणि अर्धी भाजी वाट्यांत राहते. स्टार्टर घेतलंच पाहिजे असा काही कायदा नाही. 'डायरेक्ट मेन कोर्स' म्हटलं की वेटर पान उलटतो.

एक भाजी साधारण दोन-तीन जणांना होते, पण हॉटेलागणिक वाटी बदलते, म्हणून 'किती जणांत होते?' हा प्रश्न विचाराच. अकरा जणांत आम्ही सात भाज्या मागवल्या होत्या. चार पुरल्या असत्या. पोळ्या एकदम वीस सांगू नका. तंदुरी रोटी आणि नान गरम आहे तोवरच खायच्या, दहा मिनिटांत चामड्यासारख्या होतात, आणि ज्याचे दात हलतात तो नुसता ग्रेव्ही चाटत बसतो. म्हाताऱ्यांसाठी 'तवा फुलका आहे का' विचारा. कार्डावर नसला तरी कधी कधी निघतो.

नावावरून चव ओळखायला जाऊ नका. बटर मसाला, शाही, मखनी, कोरमा ही सगळी काजू-सायीची, गोडसर. आपल्या जिभेला ठेच्याची सवय, दोन घासांत 'हे काय बाप्पा, खीर दिली का' असं होतं. तिखट हवं तर कढाई, कोल्हापुरी असलं काही घ्या आणि 'तीखा बनाना' असं आवर्जून सांगा. आणि हो, 'सांबार टाकून द्या' म्हणालात तर शहरातला बाहेरगावचा वेटर इडलीबरोबरची वाटी आणून ठेवेल. आपला सांबार म्हणजे त्यांची कोथिंबीर किंवा धनिया.

कार्ड इंग्रजीत असतं, हल्ली तर टेबलावर नुसता क्यूआर कोड चिकटवलेला. 'छापलेलं कार्ड आणा' म्हणायचं, आणि घरातल्या कॉलेजच्या पोरीनं ते मोठ्यानं वाचायचं, भावासकट. आईला विचारायचं. ती 'काहीही चालते' म्हणेल, तिला दुसऱ्यांदा विचारायचं.

पाण्याचंही तसंच. 'बिस्लेरी या रेग्युलर?' असं विचारलं की 'साधं' म्हणायला लाज कसली? बाटली घेतलीत तर छापील किमतीवरून भांडू नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. सोबत मागितलेला पापड आणि ग्रीन सॅलड यांचे पैसे लागतात. कांदा-लिंबू बहुधा तसंच मिळतं, पण तेही मागावं लागतं.

हात धुवायला देतात त्या लिंबू टाकलेल्या गरम पाण्याच्या वाटीचा विनोद आता सोडून द्या. कोणी पीत नाही. हातानं जेवलं तरी कोणी बघत नाही, उलट काट्या-चमच्यानं रोटी तोडायला गेलात तर बघतील.

टेबलावर काही बिनसलं तर

भाजी खारट आहे, कच्ची आहे, भलतीच आली आहे, तर पहिल्या दोन घासांत सांगा. अर्धी वाटी संपवून तक्रार केली की ऐकणारा हसतो. वेटरशी हुज्जत न घालता कॅप्टनला बोलवा. शर्ट वेगळा असतो, हातात वही किंवा टॅब असतो, तोच. त्याला बदलून द्यायचा अधिकार असतो. अर्धा तास होऊन एखादी डिश आलीच नाही तर 'अजून बनवायला घेतली नसेल तर कॅन्सल करा' म्हणा, आणि बिलात ती आली का ते नंतर बघा.

केक बाहेरून आणणार असाल तर फोनवरच परवानगी घ्या. काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात. फेसाचे फवारे गावातच ठेवा.

बिल वाचा, काट्यासारखं

वातानुकूलित असो की साधं, हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी ५ टक्के, बिलात तो अडीच-अडीचच्या दोन ओळींत दिसतो. ज्या लॉजिंगच्या मोठ्या हॉटेलात एका खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथे हा कर १८ टक्के असू शकतो. पंचतारांकित जागी पाय ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठराविक कर स्वतःच भरणारं छोटं हॉटेल मात्र बिलात वेगळा जीएसटी लावू शकत नाही.

सर्व्हिस चार्ज म्हणजे कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की तो बिलात आपोआप जोडता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. बिलात ती ओळ दिसली तर शांतपणे 'हे काढा' म्हणा. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, चौदा अंकी नंबरही असायला हवा, तक्रार करताना तो उपयोगी पडतो. वेटरनं चांगलं वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.

रोट्या मोजा. आमच्या त्या बिलात २८ होत्या, खाल्ल्या २१. मोजल्या घरी आल्यावर, धाकट्या भावानं बिल खिशातून काढलं तेव्हा.

फोन-पेवर सगळा भरवसा ठेवू नका. तळघरातल्या हॉटेलात रेंज नसते आणि सर्व्हर डाऊन व्हायला मुहूर्त लागत नाही. आणि 'मी देतो, मी देतो' हे भांडण व्याह्यांसमोर नको. जो देणार आहे त्यानं हात धुवायच्या निमित्तानं उठून गल्ल्यावर आधीच सांगून यावं.

परतताना

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर कुठे जेवला, हे आम्ही त्याला रात्री पावणेबाराला विचारलं. तो म्हणाला, "च्या पेलो दोनदा." आपल्याला घरी पोहोचवणारा माणूस उपाशी आणि आपण मागे पेंगतोय. त्याला टेबलावर बोलवा, नाही आला तर ताट बाहेर पाठवा. बोरखेडीच्या टोलचे पैसे कोण देणार, हेही निघतानाच ठरवून घ्या. फास्टॅगमध्ये शिल्लक नसेल तर जास्त पैसे जातात.

उरलेलं पार्सल मागायला लाजू नका, पण उन्हाळ्यात जरा विचार करा. नागपूरचा मे महिना पंचेचाळिशीला टेकतो, बंद गाडीत त्याहून जास्त. पनीरची ग्रेव्ही आणि भात तासाभराच्या वर असा राहिला तर सकाळी कोणाला देऊ नका, जनावरालाही नाही. कोरड्या रोट्या चालतात.

आणि मिठाई जेवायच्या आधी घ्या. संत्रा बर्फीचं दुकान येताना दिसतं तेव्हा 'जाताना घेऊ' म्हणतो, आणि जाताना पोट भरलेलं असतं, पोरं झोपलेली असतात, शटर पडलेलं असतं. त्या रात्री साडेबाराला गावात पोहोचलो तर शेजारची काकू जागी होती. आमच्या गाईचं दूध काढून, तापवून, झाकून ठेवलं होतं तिनं. आम्ही अकरा जण तिच्या ओसरीसमोर रिकाम्या हातानं उभे, आणि ती आईला विचारत होती, "काय काय खाल्लं वं?"