गुलमर्गच्या बर्फात चार रात्री: कसं जायचं, कसं राहायचं

गुलमर्गला पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी श्रीनगरहून निघून संध्याकाळी परत यायचं, असा बेत होता. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक असेच जातात. घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट घ्यायचे, दोन-तीन तास बर्फात फोटो काढायचे, स्लेजची एक फेरी मारायची आणि गाडीत बसायचं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या पायात शाळेचे सुती मोजे होते आणि भाड्याच्या गमबुटाला टाचेपाशी भेग होती, ती आमच्या लक्षातच आली नाही. पाय गार पडलेत म्हणून ती कुरकुरत होती. मग कुरकुरायची थांबली आणि गप्प बसली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

स्लेज ओढणाऱ्या चाचांनी तिला स्लेजवर बसवलं आणि बूट काढला. मोजा पिळला तर पाणी गळलं. पायाची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. मी घाईघाईने कांगडी, म्हणजे निखारे भरलेलं टोपलीतलं मातीचं भांडं, मागितली. "नहीं बेटी, आग नहीं. चमड़ी जल जाएगी और बच्ची को पता भी नहीं चलेगा," असं म्हणून त्यांनी तिचे दोन्ही पाय स्वतःच्या फेरनच्या, म्हणजे लांब सैल काश्मिरी झग्याच्या आत, पोटाशी धरले. वीसेक मिनिटं ते तसेच बसून होते. बोटं आधी गुलाबी झाली, मग लाल, आणि मुलगी दुखतंय म्हणून मोठ्याने रडायला लागली. चाचा हसले. "अब ठीक है."

मी साताऱ्यात शाळेत खेळ शिकवते. मुलांची शरीरं कशी थकतात, कशी गारठतात, हे मला कळतं अशी माझी समजूत होती. त्या दिवसानंतर मी बर्फाचा नीट अभ्यास केला आणि पुढचे चार हिवाळे गुलमर्गला मुक्कामाला गेले. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे: तिथे राहायला जा. किमान तीन, जमलं तर चार रात्री. दुपारी चारनंतर दिवसभराची गर्दी टंगमर्गला उतरते आणि सगळं कुरण शांत होतं. फरच्या झाडांवरून बर्फाचा ढीग 'धप्प' करून खाली पडतो, तेवढाच काय तो आवाज. सकाळी उठून खिडकीशी आलात, की रात्रीत पडलेल्या बर्फावर कोल्ह्याच्या पावलांची एक सरळ रेघ दिसते. दिवसाच्या सहलीत यातलं काहीच मिळत नाही.

केव्हा जायचं

काश्मीरमध्ये हिवाळ्याचे तीन भाग मानतात. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान', मग वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. सगळ्यात कडक थंडी पहिल्या चाळीस दिवसांत. नुसता बर्फ अनुभवायचा असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा चांगला. स्कीइंग शिकायचं असेल तर मी फेब्रुवारी निवडते. बर्फ साठून बसलेला असतो, दिवस थोडा मोठा होतो आणि हातपाय जरा लवकर सैल होतात. 2020 पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गला होत आले आहेत, बहुतेक वेळा फेब्रुवारीतच. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड, म्हणून तारखा बघून मगच आरक्षण करा.

बर्फ पडेलच अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. 2024 च्या जानेवारीत जवळपास महिनाभर गुलमर्ग कोरडं, तपकिरी होतं, आणि महिना सरता सरता बर्फ आला. स्लेजवाले, स्की शिकवणारे, चहाची टपरी चालवणारे, सगळ्यांची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांवर असते. पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. शीन म्हणजे बर्फ. त्या शुभेच्छेत केवढा सुटकेचा श्वास असतो, हे मला त्या वर्षी समजलं.

अंगावर काय, बॅगेत काय

सुती कपडा अंगाला लागू द्यायचा नाही. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. सुती कपडा घाम आणि पाणी पितो, वाळत नाही, आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. एक जाड कोट घालण्यापेक्षा असे तीन थर बरे, कारण चढताना एक काढता येतो आणि घाम येत नाही. बर्फात घाम आला की नंतर कुडकुडायचं ठरलेलं. जीनची पँट घरी ठेवा. भिजली की फळीसारखी कडक होते.

मोजे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पायात एका वेळी लोकरीचा एक चांगला जोड पुरतो. आपल्याकडे दोन-दोन जाड मोजे कोंबून घालायची सवय असते. त्याने बूट आवळतो, रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही आणि पाय जास्तच गारठतात. बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. प्रत्येकामागे मोज्यांचे तीन जोड न्या, आणि एक कोरडा जोड दिवसभर जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. बूट स्वतःचे नेता आले तर उत्तम. भाड्याने घेणार असाल तर आत हात घालून टाचेपाशी, शिवणीपाशी चाचपा, आणि उजेडाकडे धरून बघा. भेग दिसली की सरळ दुसरा जोड मागा. हातमोजे लहान मुलांना पाच बोटांचे घेऊ नका. चार बोटं एकत्र राहतात तसे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात.

काळा चष्मा हवाच. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. ऊन खालून लागतं, तर पहिल्यांदा भाजतं ते तिथेच. खोबरेल तेल नेऊन उपयोग नाही. साताऱ्याच्या थंडीत ते बाटलीत गोठतं, तिथे त्याचा दगड होतो. तिळाचं तेल किंवा व्हॅसलिन न्या. मोबाइल अंगाजवळच्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

खिशात तिळाचे लाडू ठेवते मी. संक्रांत चिल्लई कलानमध्येच येते. एका वर्षी 14 जानेवारीला आम्ही तिथेच होतो, तेव्हा स्की शिकवणाऱ्या दादांना आणि त्यांच्या मित्रांना तिळगूळ दिला. 'गोड बोला'चा अर्थ त्यांना समजावून सांगितला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून अक्रोड आणले.

पोचायचं कसं

मुंबईहून श्रीनगरला विमान आहे. 6 जून 2025 ला कटरा ते श्रीनगर रेल्वेचं उद्घाटन झालं, त्यामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडींनी बंद पडला तरी आता दुसरी वाट आहे. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा किलोमीटर, टंगमर्गपासून वर, घाटाचे. बर्फ पडला की तिथून फोर-बाय-फोर किंवा टायरला साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडतात. श्रीनगरच्या गाडीवाल्याला आधीच विचारा, तो वरपर्यंत येणार की टंगमर्गला सोडणार. हे न ठरवल्यामुळे भर बर्फात सामान घेऊन वाद घालणारी कुटुंबं मी दरवर्षी बघते.

गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे हे त्याहून हजार मीटर वर. पहिल्या दिवशी काही करू नका. जेवा, फिरा, पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून मी घरातल्या सगळ्यांना दर तासाला गरम पाणी प्यायला लावते.

बर्फावर चालणं आणि घसरणं

बर्फ एकाच जातीचा नसतो. सकाळी पायवाटेवरचा बर्फ काचेसारखा असतो, ऊन लागल्यावर भुसभुशीत, संध्याकाळी पुन्हा काच. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून उतरलेल्या माणसाला निम्मं आधीच येतं: छोटी पावलं, गुडघे किंचित वाकवलेले, अंगाचा भार पुढच्या पायावर. चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची, उतरताना टाच रोवायची. हात खिशात घालून चालायचं नाही. पडलात तर हात मोकळे हवेत.

स्की शिकायला किमान तीन दिवस द्या आणि शिकवणारा माणूस घ्या. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, त्या मैदानाच्या आसपासच्या सौम्य उतारांवर शिकाऊ लोक असतात. स्कीच्या बुटात एकच मोजा, आणि त्यात थर्मलची घडी जाऊ द्यायची नाही. ती घडी दोन तासांत नडगी सोलून काढते. टाच मागे आपटून बसवायची, मग बकल लावायची. पहिला धडा थांबण्याचा: स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, नांगराच्या फाळासारखी, आणि आतल्या कडांवर दाब. नजर समोर. स्कीच्या टोकांकडे बघितलं की तोल जातो, हे मी मुलांना सायकल शिकवताना हँडलबद्दल सांगते तसंच आहे. पडणार असं वाटलं तर कुल्ह्यावर, बाजूला पडा. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उभं राहताच पुन्हा खाली. मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा स्वतःहून वळण घेतलं आणि थांबले, तेव्हा मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

गोंडोला म्हणजे तिथली केबल कार. तिचं तिकीट सरकारी केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरूनच काढा, आणि तारीख ठरताक्षणी काढा. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, त्यावर चिडू नका. वर अर्धा-पाऊण तास पुरे. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर फोटो राहू देत, पुढच्या गोंडोलाने खाली या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरा टप्पा करू नये. आणि खुणा केलेल्या उताराच्या बाहेर, दोरीपलीकडे, एक पाऊलही टाकायचं नाही. अफरवटच्या उतारांवर हिमलोट येतात. 2010 च्या फेब्रुवारीत लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतले सतरा जवान अशाच हिमलोटात गेले. डोंगर ओळखणारी माणसं होती ती.

स्लेजबद्दल लोक मला विचारतात, माणसाने ओढलेल्या गाडीत बसावं का? माझं मत असं: बसा, पण दर आधी ठरवा, शेवटी घासाघीस करू नका, आणि चढ आला की उतरून चाला. उतारावर मात्र पुढे बसलेल्या चाचांच्या पाठीला धरून सुसाट जाण्यात जी मजा आहे ती लहान मुलांनी नक्की घ्यावी.

खोली आणि जेवण

खोली घेताना गरम पाणी किती वाजता येतं, वीज गेल्यावर काय करतात आणि बुखारी आहे का, हे तीन प्रश्न विचारा. बुखारी म्हणजे लाकडावर चालणारी शेगडी, तिला धुराडं असतं. ती असली तरी खिडकीची फट उघडी ठेवा. कांगडी घेऊन बंद खोलीत झोपायचं नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. ओले मोजे आणि हातमोजे रात्री बुखारीजवळ दोरीवर टाका, अगदी चिकटवून नको.

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. राजमा, दम आलू, हाक म्हणजे तिथली पालेभाजी, नद्रू म्हणजे कमळाचा देठ, सगळं मिळतं. पण मला सगळ्यांत आवडली ती वाळवणाची भाजी. आपण उन्हाळ्यात पावसाळ्यासाठी सांडगे घालतो, तसे तिथे लोक हिवाळ्यासाठी दुधी, वांगी, टोमॅटो वाळवून ठेवतात. पूर्वी बर्फाने वाट बंद झाली की यावरच महिने काढायचे. वाळवलेल्या दुधीला 'अल हच' म्हणतात.

परतीच्या विमानाआधी श्रीनगरला एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडला, धुकं आलं की विमानं रद्द होतात. मटण खात असाल तर त्या दिवशी पहाटे उठून जुन्या शहरात हरीसा, म्हणजे रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, खा. तो सकाळी लवकर संपतो. नंतर बाजारात जाऊन अल हचची एक माळ घ्या. घरी आल्यावर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून घ्या, मोहरीच्या तेलात परता, बडीशेप आणि सुंठीची पूड, थोडं लाल तिखट घालून मंद आचेवर शिजवा. आमच्याकडे ती भाकरीबरोबर खातात, आणि मुलगी दरवेळी ताटात वाढली की विचारते, चाचा आता काय करत असतील.