सीडीवर नव्या फाइल्स टाकल्या आणि जुन्या गायब? या चुका टाळा

भाचीच्या बारशाचे फोटो सीडी-आरवर राइट करून ताईला दिले होते. वर्षभराने त्याच सीडीवर पहिल्या वाढदिवसाचे टाकले. ताईने सीडी लावली तर फक्त वाढदिवस, बारशाचा पत्ता नाही. "काय रे, पुसलंस ना ते?" सीडी-आरवरचं काही पुसताच येत नाही, पण त्या क्षणी हे तिला कोण पटवणार!

जुनं सेशन इम्पोर्ट न करणं

चूक माझीच होती, आणि बहुतेकांची हीच असते. आपण दर वेळी डिस्क राइट करतो ते एक सेशन. प्रत्येक सेशनची स्वतःची अनुक्रमणिका असते आणि कॉम्प्युटर फक्त शेवटच्या सेशनची अनुक्रमणिका वाचतो. त्यामुळे नव्या अनुक्रमणिकेत जुन्या फाइल्सचे पत्तेही लिहावे लागतात. इम्पोर्ट म्हणतात ते यालाच. मी नीरो या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कंटिन्यू मल्टिसेशन'ऐवजी (मल्टिसेशन म्हणजे एकाच डिस्कवर अनेक सेशन) 'स्टार्ट मल्टिसेशन' निवडलं आणि बारशाचे पत्ते लिहिलेच गेले नाहीत. फोटो मात्र जागच्या जागी होते.

खात्री करायची तर डिस्क उलटी करून उजेडात तिरकी धरा. राइट झालेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो. पट्टा रुंद आणि दिसणाऱ्या फाइल्स मोजक्याच, तर बाकीचा माल आत आहे. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक सेशन वेगळं दाखवतं, तिथून फाइल्स हार्ड डिस्कवर उतरवा. लिनक्सवर डिस्क माउंट करताना, म्हणजे वाचायला जोडताना, सेशनचा क्रमांक देता येतो. घाबरून त्याच डिस्कवर आणखी काही राइट करायला जाऊ नका. मी दोन्ही फोल्डर उतरवून घेतले आणि नव्या सीडीवर एकाच सेशनमध्ये राइट करून दिले.

लिनक्सवर ग्रोआयएसओएफएस ही डिस्क राइट करायची कमांड वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यात मोठा झेड पहिल्या सेशनसाठी आणि मोठा एम पुढच्यांसाठी असतो. डीव्हीडी-आरडब्ल्यूसारख्या पुन्हा राइट होणाऱ्या डिस्कवर चुकून झेड दिलात तर जुनं खरोखरच जातं.

रोज थोडं थोडं राइट करणं

एका दुकानदार मित्राने हिशेबाचा बॅकअप रोज सीडीवर टाकायचं ठरवलं. रोजचे जेमतेम २ एमबी, म्हणजे ७०० एमबीची सीडी वर्षभर पुरेल असा त्याचा हिशेब. सीडी दीड महिन्यात भरली.

याचं कारण असं की सेशन बंद करताना त्याच्या आधी-नंतरची जागाही राइट होते. पहिल्या सेशनला साधारण २२ एमबी आणि नंतरच्या प्रत्येकाला १३ एमबीच्या आसपास. २ एमबीच्या मालाला १३ एमबीचं पॅकिंग! चव्वेचाळीस-पंचेचाळीस दिवसांत सीडी संपते आणि आत खरा माल निघतो ९० एमबी. आठवड्याचं साठवून एकदाच टाका, किंवा या कामाला सरळ आरडब्ल्यू डिस्क घ्या.

सीडी-आरवरची फाइल डिलीट केली की जागा सुटेल, हाही तसाच गैरसमज. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं पण पुसलं जात नाही, तसंच. त्याच नावाची नवी फाइल टाकली तर जुनी झाकली जाते, जागा मात्र दोघींची जाते. एकदा मला या गोष्टीचा फायदाही झाला होता. बिघडलेल्या फाइलची आधीची प्रत आदल्या सेशनमध्ये सापडली.

डिस्क फायनलाइज करून टाकणं

सेशन बंद करणं वेगळं आणि डिस्क बंद करणं वेगळं. 'फायनलाइज डिस्क' किंवा 'नो मल्टिसेशन'वर टिक राहिली, की अर्धी डिस्क कोरी असली तरी पुढे काही जात नाही. डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे अख्खी डिस्क एका दमात राइट करायच्या पद्धतीनेही हेच होतं. यावर इलाज नाही, नवी डिस्क घ्या. लिनक्सवरच्या केथ्रीबी या राइटिंग सॉफ्टवेअरमध्ये तर सुरू करा, पुढे चालू ठेवा आणि संपवा असे तीन वेगळे पर्यायच आहेत, ते एकदा नीट वाचा.

टीव्हीखालच्या प्लेअरकडून नको ती अपेक्षा

कॉम्प्युटरला सगळं दिसतं आणि प्लेअरला नाही, ही तक्रार नेहमीची. साधा ऑडिओ सीडी प्लेअर पहिलंच सेशन वाचतो. म्हणून गाणी आणि फाइल्स एकाच सीडीवर हव्या असतील तर गाणी आधी, फाइल्स दुसऱ्या सेशनमध्ये. डीव्हीडी व्हिडिओ तर एकाच सेशनमध्ये करा आणि डिस्क बंद करा. जुने डीव्हीडी-रॉम ड्राइव्हसुद्धा बऱ्याचदा डीव्हीडीच्या पहिल्या सेशनपुढे जात नाहीत.

विंडोजचा तो प्रश्न न वाचता 'नेक्स्ट' दाबणं

विंडोज ७ पासून कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'? पहिल्या पर्यायात फाइल्स ओढून टाकता येतात, सोयीचं वाटतं. पण ती डिस्क एक्सपीच्या आधीच्या विंडोजला वाचता येत नाही आणि घरातल्या प्लेअरलाही बहुधा नाही. शिवाय सेशन बंद झाल्याशिवाय ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. एरवी इजेक्ट केल्यावर विंडोज ते आपोआप बंद करतं. मध्येच वीज गेली किंवा ड्राइव्हची केबल सुटली तर राहून जातं. अशी डिस्क कोरी किंवा खराब दिसली तर फेकू नका. ज्या ड्राइव्हवर राइट केली होती त्यातच पुन्हा घाला, डिस्कवर राइट क्लिक करून 'क्लोज सेशन' द्या आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा.